बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी: रिव्हेट गळताहेत, सरळ वेल्डिंग करून टाकू का?

सुकाणू:
मामाची जुनी होडी माझ्याकडे आलीय. सपाट तळाची, सगळी रिव्हेटवर जोडलेली. पाण्यात सोडली की तासाभरात घोट्याएवढं पाणी आत. आधी कुणीतरी आतल्या प्रत्येक शिवणीवर सिलिकॉन फासून ठेवलंय, गिलावा केल्यासारखं. वेल्डर म्हणतो, "घेऊन ये, दोन तासांत सगळे रिव्हेट टिग वेल्डिंगने बुजवून देतो." मोह होतोय. शिवाय इंजिन लावलं की मागचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगायची उभी भिंत, डुलतो. आतलं प्लाय अंगठ्याने दाबलं तर दबतं. सुरुवात कुठून करू?

जुनापत्रा:
वेल्डरला नमस्कार करून परत या. ही चूक मी केलेली आहे. माझे चार रिव्हेट गळत होते, ते वेल्ड करून घेतले. होडी पाण्यात घातली तर चाराचे अकरा झालेले! पत्रा तापला की फुगतो, निवला की आकसतो, आणि या ओढाताणीत शेजारचे रिव्हेट सैल होतात. शिवणीतलं जुनं सीलंट जळून वेल्डच्या टाक्यात बारीक छिद्रं पडतात ती वेगळीच. बरं, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण वरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला २००० च्या पुढे जावं लागतं. त्यात लोखंडासारखं लाल होऊन इशारा देणं याच्या स्वभावात नाही. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा आत्ता होता, आत्ता भोक.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा. होडी जमिनीवर जाड फळ्यांवर टेकवा, तळाला तीन-चार ठिकाणी आधार द्या आणि आत पाणी भरा. चार बोटांच्या वर नको, तेवढंच दोन-अडीचशे किलो भरतं. मग खाली आडवं होऊन बघत राहा. थेंब दिसला की पुसून लगेच मार्करने गोल करा. पेन्सिल मात्र वापरू नका. तिच्यात ग्राफाइट असतं, आणि ओलाव्यात ते अ‍ॅल्युमिनियमला खातं. विमानाचे पत्रे आखतानाही पेन्सिल म्हणूनच टाळतात.

मग दोन माणसं लागतील. आतला रिव्हेटच्या शेपटीवर जड लोखंडी ठोकळा दाबून धरणार, बाहेरचा डोक्यावर ठोकणार. सैल रिव्हेटचा आवाज बद्द येतो, बसला की टणटणीत. माझी बायको नुसत्या आवाजावरून सांगते, "झाला हा, पुढे चला." पाच-सहा ठोक्यांत बसला नाही तर डोकं ड्रिलने उडवून नवा घाला, पॉलीयुरेथेन सीलंटमध्ये बुडवून. भोक लंबगोल झालं असेल तर एक नंबर जाड.

आणि ते सिलिकॉन खरवडून पूर्ण काढा. कंटाळवाणं काम आहे, पण त्यावर रंगसुद्धा धरत नाही.

घाईतला:
एकटा माणूस ठोकळा धरेल की ठोकेल? पॉप रिव्हेट मारा, ते एकाच बाजूने एकट्याने बसतात, मोकळे व्हा.

जुनापत्रा:
साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, पाणी त्यातूनच येतं. आत हात पोचत नसेल तिथे बंद तोंडाचा मारा, तेवढ्यापुरतं ठीक.

रंधा:
ट्रान्समबद्दल. कुजलेलं प्लाय काढताना त्याचे तुकडे करू नका, तोच तुमचा साचा. दोन थर चिकटवून जुन्याइतकीच जाडी करा आणि कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, कारण पाणी कडेनेच शिरतं. बोल्टची भोकं जरा मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची आणि मग मापात पुन्हा पाडायची. म्हणजे लाकूड उघडं राहत नाही.

एक मात्र जपा. कीड-बुरशी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेलं लाकूड मिळतं, ते टिकेल म्हणून घेऊ नका. ओलं झालं की तांबं अ‍ॅल्युमिनियमला कुरतडतं. एकाचा ट्रान्सम मी उघडला, तर प्लाय ठणठणीत आणि पत्र्याला चाळणी! तळाला तांबं असलेला रंगही याच कारणाने नको. स्टीलच्या बोल्टखाली नायलॉनचा वायसर आणि सीलंट घाला.

सुकाणू:
काल पाणी भरलं. मी धरून चाललो होतो की तीसेक रिव्हेट गळत असतील. निघाले पाच! पण पुढच्या बाकाखाली आडव्या पट्टीलगत चार सेंटीमीटरची चीर आहे, खरं पाणी तिथून येतंय. सिलिकॉनखाली दडली होती. आता?

जुनापत्रा:
चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. टोक डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढेच असतं, तेव्हा भिंग घेऊन बसा. वर ५०५२ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं ठिगळ, कोपरे गोल कापून, खाली सीलंट आणि कडेने रिव्हेट. आणि ती आडवी पट्टी हलवून बघा. ती सुटली असेल तर पत्रा प्रत्येक लाटेला तिथेच वाकतोय. मग आधी पट्टी, ठिगळ नंतर.

सुकाणू:
हलतेय. चांगली बोटभर.