नानावटी खटल्याच्या वेळी तुमच्या घरात काय बोलले जात होते?

२७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नेपियन सी रस्त्यालगतच्या जीवनज्योत इमारतीत नौदलाचे कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. आहुजांशी आपले संबंध असल्याची कबुली नानावटींच्या पत्नी सिल्व्हिया यांनी त्याच दुपारी दिली होती. सत्र न्यायालयातील नऊ जणांच्या ज्यूरीने, म्हणजे कौल देण्यासाठी नेमलेल्या सामान्य नागरिकांनी, आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले आणि न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ही हकिकत पुष्कळांनी सांगितली आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते हे, की आपल्या घरांत त्या वेळी कोणाची बाजू घेतली गेली आणि कोणाबद्दल कोणीच काही बोलले नाही. तसाच मोडलेला संसार आणि त्याचा तसाच शेवट ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांनी नावे-गावे गाळून अवश्य लिहावे.

निवृत्त शिक्षिका, गिरगाव

मी तेव्हा दहा वर्षांची होते. नानावटींची बाजू उचलून धरणारे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक एरवी चार आण्यांना मिळे, ते त्या दिवसांत दोन रुपयांना विकले जात होते. म्हणून आमच्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांनी मिळून एक अंक घ्यायचा असे ठरले होते. संध्याकाळी वडील गॅलरीत स्टुलावर बसून तो इंग्रजीतून वाचत आणि वाक्यावाक्याला मराठीत सांगत. पुरुषांचे मत एकच होते, की अब्रूदार माणसाने दुसरे काय करायचे? आई आत तांदूळ निवडत बसलेली असे आणि तिचे हात मध्येच थांबत. एकदा आजी उंबऱ्याशी येऊन म्हणाली, “त्या बाईने खरे सांगितले, हाच तिचा गुन्हा दिसतो.” गॅलरीत कोणी उत्तर दिले नाही.

रस्त्यावर ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ अशा आरोळ्या देऊन फेरीवाले माल विकत. माझ्या मोठ्या भावाने तसले खेळण्यातले रिव्हॉल्व्हर आणले. आईने ते त्याच्या हातातून काढून घेतले, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले. “कुणाचा तरी जीव गेलाय रे,” एवढेच ती म्हणाली. आहुजांबरोबर त्यांची बहीण मेमी राहत होती आणि गोळ्यांचा आवाज झाला तेव्हा ती घरातच होती, हे मला फार उशिरा, मोठेपणी वाचून कळले. आमच्या गॅलरीत तिचे नाव एकदाही निघाले नव्हते.

फौजदारी वकील, पुणे

माझ्या लेखी हा खटला तीन तासांचा आहे. सकाळी नवराबायको आजारी कुत्र्याला घेऊन परळला गेले होते आणि येताना त्यांनी मेट्रो चित्रपटगृहाच्या साडेतीनच्या खेळाची तिकिटे काढली होती. दुपारी घरी कबुली झाली. त्यानंतर नानावटींनी पत्नीला आणि मुलांना मेट्रोपाशी सोडले, मग जहाजावर जाऊन, रात्री एकट्याने गाडी घेऊन अहमदनगरला जायचे आहे असे सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, मग आहुजांच्या कचेरीत गेले आणि ते तेथे नाहीत असे कळल्यावर त्यांच्या घरी गेले. दीड वाजता घर सोडलेले, गोळ्या सुटल्या चार-वीसला. झटापटीत चुकून गोळी सुटली असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. पण नुकत्याच अंघोळीहून आलेल्या आहुजांच्या कमरेचा टॉवेल पडल्यावरही जागच्या जागी होता. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मधल्या काळात मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले होते, म्हणून एका निकालपत्रावर मुंबई राज्य आणि दुसऱ्यावर महाराष्ट्र राज्य असा उल्लेख आहे.

गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, म्हणजे तशा रागाच्या भरात घेतलेला जीव खून धरला जात नाही, हा अपवाद मीही आरोपीच्या वतीने मांडलेला आहे. माझ्या एका अशिलाच्या खटल्यात शेजारणीने साक्ष दिली की तो घरी आला, जेवला, मोरीत हात धुतले आणि मग बाहेर पडला. त्या जेवणापुढे माझा सगळा युक्तिवाद लटका पडला, आणि तो पडायलाच हवा होता, असे मला आज वाटते.

आणखी एक सांगावेसे वाटते. त्या काळी व्यभिचार हा कलम ४९७ खाली गुन्हा होता, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि तक्रारीचा हक्क नवऱ्याला होता. म्हणजे कायद्याने नानावटींपुढे मार्ग मोकळा ठेवलेला होता. उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडली ती यशवंतराव चंद्रचूड यांनी. आणि बायकोला नवऱ्याची मालमत्ता मानणारे तेच कलम २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या घटनापीठाने रद्द केले, त्यावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

नौसैनिकाचा मुलगा, मूळ गाव रत्नागिरी जिल्हा

वडील कुलाब्याला नोकरीला होते आणि क्वार्टर्समध्ये सगळे ‘साहेबां’च्या बाजूने होते. उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली आणि नानावटी तुरुंगाऐवजी नौदलाच्याच ताब्यात राहिले. त्या रात्री वडील आईला म्हणाले, “माझ्यासारख्या खलाशाने हे केले असते, तर राज्यपालांना माझे नाव तरी कळले असते का?” पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि नानावटी कुटुंब कॅनडाला निघून गेले. सिल्व्हिया शेवटपर्यंत नवऱ्याबरोबर राहिल्या. त्या तीन मुलांचे बालपण कसे गेले असेल, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

नाशिक जिल्हा

माझ्या मावशीचा खून तिच्या नवऱ्याने केला. ही १९८०च्या दशकातली गोष्ट आहे. ती तीन वेळा माहेरी आली आणि तिन्ही वेळा आजोबांनी तिला एस.टी.त बसवून परत पाठवले, कारण धाकट्या मावशीचे लग्न व्हायचे होते. चौथ्यांदा ती आली नाही.

खटल्याच्या दिवशी गावातून माणसे भरून जीप जात. बातमीचा मथळा होता ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ आणि त्यातला ‘चारित्र्य’ हा एकच शब्द लोकांनी उचलला. आरोपीच्या वकिलांनी रागाच्या भराचा मुद्दा मांडला आणि नानावटींचे नावही घेतले. माझी आजी पहिल्या बाकावर बसून होती. तिला कळत काही नव्हते, पण लेकीचे नाव आले की ती पदर सावरून बसे. मावशीने आजीला पाठवलेली पाच आंतरदेशीय पत्रे पुराव्यात होती. आजीला वाचता येत नसे, म्हणून ती पत्रे आली तेव्हा आजोबांनीच वाचून दाखवली होती आणि “मला घेऊन जा” हे वाक्य प्रत्येक वेळी गाळले होते. ते वाक्य आजीने पहिल्यांदा ऐकले ते भर न्यायालयात, सरकारी वकिलांच्या तोंडून.

सिल्व्हियांचीही पत्रे अशीच न्यायालयात वाचली गेली होती, हे कळल्यावर मला त्या बाईंबद्दल फार जवळचे वाटू लागले.

मावशीच्या नवऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. पत्रांवर निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्याचे क्रमांक, पडले होते, म्हणून ती कागदपत्रांबरोबर तेथेच राहिली. त्यानंतर आजी आजोबांशी घरात फारसे बोलली नाही; पण गावात कोणी वकील किंवा तलाठी आलेला दिसला, की त्याला जाऊन विचारत असे, “माझ्या पोरीची पत्रे कधी मिळतील?”