तूरिनच्या आधीचा कुल्लेर्वो
काही जण म्हणतात की टॉल्किनच्या कथांमधला शोकांत नायक तूरिन म्हणजे नुसता सिगुर्ड (नॉर्स दंतकथांमधला ड्रॅगन मारणारा वीर), ड्रॅगन मारला की झालं. अर्धंच खरंय ते. 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातला कुल्लेर्वो बघा ना, नकळत सख्ख्या बहिणीशीच संबंध, ती कळल्यावर नदीत उडी घेते आणि हा शेवटी तलवारीलाच विचारतो माझं रक्त पिशील का, तर ती चक्क उत्तर देते! तूरिनचंही डिट्टो तेच. टॉल्किनने ऑक्सफर्डला शिकताना, १९१४ च्या सुमारास, कुल्लेर्वोची ही गोष्ट आपल्या शब्दांत लिहायला घेतली, अर्धवटच राहिली, स्वतंत्र पुस्तक आलं थेट २०१५ ला. त्यात कुल्लेर्वो ज्याची गुरं राखतो त्या लोहाराची बायको त्याला भाकरीत दगड घालून देते, बापाची एकमेव आठवण असलेली सुरी त्यावर मोडते आणि मग हा गुरांऐवजी लांडगे-अस्वलं घरी हाकतो, तो भाग जबरी आहे (भाषा जुनाट, जरा चिवट, पण वाचाच).