मदत हवी आहे: टिनचा जुना जपानी रोबो, सेलच्या डब्यात गंज (नागपूर)

नमस्कार मंडळी,

इतवारीतल्या एका कबाड्याकडे टिनचा रोबो सापडला. फूटभर उंच, राखाडी, छातीला दोन दारं. पाठीवर 'मेड इन जपान' आणि 'एस एच' ही अक्षरं. म्हणजे होरिकावा या जपानी खेळणी कंपनीचा, बहुतेक 1960 च्या दशकातला. हे रोबो चालता चालता थांबतात, छातीची दारं उघडतात आणि आतल्या बंदुका लुकलुकतात. आमचा नुसताच उभा आहे.

दोन मोठे सेल लागतात. झाकण उघडलं तर एक जुना झिंक-कार्बन सेल आतच फुटलेला, सगळीकडे हिरवट-पांढरी पूड, आणि एक पितळी पट्टी पार खाल्लेली. बर्डीवर मोबाईलवाल्या पोराला दाखवला. तो म्हणतो, "काका, आतलं सारं काढून नवी मोटर टाकून देतो ना, रिमोटवर पळंन!" हात जोडले आणि घरी आलो.

पूड कशाने काढू? व्हिनेगरने छपाई जाईल का? अंग पत्र्याच्या जिभा दुमडून जोडलंय, त्या उघडाव्यात का? विदर्भात कोणी हे काम करतं का?

विकायचा नाही. कृपया 'कितीला देता' विचारू नका.

चावीवाला: काका, व्हिनेगर अल्कलाइन सेलसाठी. झिंक-कार्बनची गळती आम्लधर्मी, तिला खायच्या सोड्याचं पाणी. कापसाच्या काडीने फक्त पट्टीवर लावा, लगेच कोरडं पुसा. रंगावर थेंबही नको, लिथोची, म्हणजे थेट पत्र्यावर केलेली छपाई एकदा गेली की गेली. जिभांना हात लावू नका, दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात. आधी डब्यातल्या वायरींना बाहेरून तीन व्होल्ट देऊन बघा.

संत्रानगरी: पट्टी पितळेच्या पत्र्यातून कापून घ्या, दहा मिनिटांचं काम. गंजावर रंग मात्र फासू नका, जमवणारे लोक तेच आधी बघतात. आणि कूलरच्या खोलीत ठेवू नका हो! आपला उन्हाळा कोरडा असला तरी त्या ओल्या हवेत पत्रा गंजतो.

धागाकर्ता: सोड्याने डबा लख्ख झाला. तीन व्होल्ट दिले तर मोटर घरघरते, दिवेही लागले! पण पाय हलत नाहीत. ग्रीस सुकलं असेल का? शिलाई मशीनचं तेल चालेल?

चावीवाला: चालेल. दाराच्या फटीतून टॉर्च मारा, गिअर दिसले तर सुईच्या टोकाने एकच थेंब. मोटरवर जाऊ देऊ नका. आणि पाय हाताने फिरवायचा नाही, दात तुटतील.