मदत हवी आहे: पद्मिनीचा इंजिन ब्लॉक ६० ला (०.०६० इंच ओव्हरसाईजला) बोअर करू की लायनर बसवू?

नमस्कार मंडळी,

बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षं कळव्याला आमच्या इमारतीखाली झाकून उभी होती. यंदा ती रस्त्यावर आणायचीच म्हणून इंजिन उतरवलं. निळा धूर, ऑइल पिणं हे जुनंच दुखणं, त्यामुळे रिंगा गेल्या असतील एवढीच मनाची तयारी होती. हेड काढलं तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये वरपासून खालपर्यंत उभा चर! गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) सरकून भिंतीला घासलेली दिसते. बोट फिरवलं की नख अडकतं.

पिस्टनच्या डोक्यावर ०४० आहे, म्हणजे ०.०४० इंच ओव्हरसाईज. मूळचा ६८ मिमीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आधीच ६९ वर गेलाय. कधी करून घेतला ते आईलाही आठवत नाही. वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपमध्ये बोअर गेज लावून घेतला. खाली जिथे रिंग पोचत नाही तिथे ६९.०२, वर कडेखाली तिसऱ्याला ६९.२१, बाकी तीन ६९.१५ च्या आत.

शॉपवाले काका म्हणतात, ६० ला मारू, साफ निघेल. पण ६० म्हणजे साधारण ६९.५, बाजूला जेमतेम पाव मिमी. चर त्यांच्याच अंदाजाने दोन दशांश खोल. त्यात होनिंगलाही (शेवटच्या बारीक घासाईलाही) थोडं सोडावं लागणार. सीसी मूळच्या १०८९ वरून ११३८ च्या आसपास जाईल, पण मला ताकद नकोय. बाबा चालवायचे तशी शांत चालली की बस.

खरी धास्ती सिलिंडरच्या भिंतीची आहे. ब्लॉकच्या बाजूचे डमी प्लग (पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची झाकणं) काढले तर आतून गंजाचा चिखल आला, अक्षरशः ओंजळभर. वॉटर जॅकेटच्या (सिलिंडरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीच्या) बाजूने भिंत किती खाल्ली गेलीय कुणास ठाऊक. ओतकामात कोअर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा साचा) सरकलेला असेल तर एक बाजू आधीच पातळ असणार. बोअर वाढवला आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापू लागली तर?

लायनरचं (सिलिंडरमध्ये बसवायच्या नव्या नळीचं) म्हणाल तर ती प्रेस करून पुन्हा ६८ ला आणता येईल, स्टँडर्ड पिस्टन चालतील. पण लायनर बसवायला ब्लॉक ६० पेक्षाही जास्त कापावा लागतो, हे डोक्यातून जात नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगा. रबाळे-तुर्भे भागात जुन्या ब्लॉकची अल्ट्रासोनिकने जाडी मोजून देणारं कुणी आहे का? किती भिंत उरली तर ६० चा विचारच सोडावा? फक्त तिसऱ्याला लायनर घालून चौघांनाही एकाच साईजला आणलं तर चालतं, की चारही करावेत? आणि ६० वर चालणारी पद्मिनी मे महिन्यात कशेडी घाटातून नेलेलं कुणी असेल तर टेम्परेचरचा काटा कुठे राहिला ते आवर्जून लिहा.

ब्लॉक शॉपमध्येच आहे. पिस्टन हातात घेऊन मोजल्याशिवाय बोअरिंगला हात लावू नका, आणि बोअरिंग बार (कापायचं हत्यार) लावाल तेव्हा खालच्या न झिजलेल्या भागावरून सेंटर धरा, असं काकांना सांगून आलोय. शनिवारी परत जायचंय, त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.