मलमातलं लॅनोलिन घरी लोकरीतून काढता येईल का?

निपाणीवाली:
टाचांच्या भेगांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या मलमात लॅनोलिन आहे. सासूबाई म्हणतात, ते मेंढी मारून काढतात, घरात नको. मामंजी म्हणतात, पैसे कशाला घालवायचे, चिकोडीकडच्या धनगराकडनं लोकर आणून उकळ. कुणाचं ऐकू?

घोंगडीवाला, रायबाग:
आमच्याकडं आजोबांपर्यंत माग होता, म्हणून सांगतो. मेंढी मारत नाहीत हो! तिच्या कातडीतनं मेण पाझरतं, त्यानं लोकर पावसात लवकर भिजत नाही. कातरलेली लोकर धुताना ते सुटतं, तेच लॅनोलिन.

पण मामंजींचं जमायचं नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ. तिच्यात मेण कमीच. त्यात धनगर कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुऊन काढतात, उरलंसुरलं तिथंच जातंय. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोची बारीक लोकर मेणानं भरलेली असते. कारखान्यात ती साबणाच्या गरम पाण्यात धुतात, मग ते पाणी यंत्रात गरगर फिरवून मेण वेगळं काढतात आणि शुद्ध करतात. घरी उकळलंत तर वास मारणारा काला मिळेल. त्यात घाम, लेंड्या, वर गोचिडांवर मारलेलं औषध. तो भेगेत घालणार? आमची आज्जी घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायची, स्वतःच्या टाचेला मात्र खोबरेलच.

मेडिकलवाली, अनगोळ:
लॅनोलिन स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवू शकतं. म्हणून पाय धुऊन टिपले की लगेच, टाच ओलसर असतानाच लावा. सगळे रात्री कोरड्या टाचेवर चोळतात आणि मलमाला नावं ठेवतात. काहींना याची ॲलर्जी असते, जुना इसब असणाऱ्यांना जास्त. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. साखरेचा त्रास असेल तर घरचे प्रयोग नकोत.

खानापूरकर:
सासूबाईंना भिरंडेल द्या की. कोकमाच्या बियांचं, साबणाच्या वडीगत घट्ट. ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून वाटीत जरा गरम करून भेगेत भरायचं. घाटाकडच्या माणसांचा पावसाळा त्याच्यावरच जातो.

निपाणीवाली:
सासूबाई भिरंडेलावर राजी, मी मलमावर. पण मामंजींनी पोतंभर लोकर आधीच सांगून ठेवलीय! तिचं काय करू?

घोंगडीवाला, रायबाग:
जेन, म्हणजे लोकरीचं आसन, करून घ्या. देवघरात बसायला होईल. सासूबाईंना विचारून हं.