मदत हवी आहे : पगारवाढीने १२ लाखांच्या किंचित वर गेलो, आता कर किती?

नमस्कार मंडळी,

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आयकराबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. करप्रणाली नवीनच घेतली आहे. (जुनी मांडून पाहिली. पीएफ, घरभाडं, मेडिक्लेम सगळं धरूनही कर लाखाच्या वर जातो, तेव्हा तो वाद इथे नको.)

फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये '१२ लाखांपर्यंत कर नाही' हे जाहीर झालं तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पगारदाराला वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे पावणेतेरा लाखांपर्यंत घोर नाही. मी त्याच्या आतच होतो. दिवाळीनंतर पगारवाढ झाली आणि वर्षाचा आकडा गेला १२,९०,००० वर. वजावट जाऊन १२,१५,०००, त्यात एफडीचं व्याज १८,०००. करपात्र उत्पन्न १२,३३,०००.

अकाउंट्समधले गृहस्थ म्हणतात, "एक रुपया जरी वर गेला तरी सूट गेली, स्लॅबप्रमाणे पूर्ण भरा." तसं काढलं तर ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ लाखांवर ४०,००० आणि वरच्या ३३,००० वर १५ टक्क्यांनी ४,९५०. झाले ६४,९५०, शिवाय उपकर. ३३ हजारांपायी ६५ हजार? हे खरं आहे का? आणि काही सरळमार्गी उपाय?

प्रतिसाद १
अर्धंच खरं. १२ लाखांपर्यंतचा कर शून्य करणारी कलम ८७अ ची ६० हजारांपर्यंतची सूट जाते, पण तिथे मार्जिनल रिलीफ लागतो. १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर लावता येत नाही. म्हणजे तुम्हाला ३३,००० आणि ४ टक्के उपकराचे १,३२०. एकूण ३४,३२०. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हा आधार आहे, पुढे स्लॅबचाच हिशेब. शेअर विकून नफा झाला असेल तर सांगा. विशेष दराने कर लागतो त्या नफ्याला ही सूट मिळत नाही.

धागाकर्ता
शेअर नाहीत. आभार! पण मग वरचे ३३ हजार पुरते सरकारजमा आणि १,३२० पदरचे. ही कसली पगारवाढ!

प्रतिसाद २
तुमचं दुखणं तरी चांगलं आहे हो. माझ्या भावाचा पगार साडेसहा लाख. बजेटमधल्या या करकपातीतून त्याच्या हाती दमडी आली नाही, कारण नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंत कर आधीपासूनच शून्य होता. टीव्हीवर मात्र सगळ्यांना दिलासा.

प्रतिसाद ३
उपाय आहे. कंपनी तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरते ती रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते, कलम ८०सीसीडी(२), मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. तुम्ही स्वतः भरलेली चालत नाही. पगारातले ३३ हजार कंपनीमार्फत तिकडे वळवले की उत्पन्न बरोब्बर १२ लाख, कर शून्य. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात, हे मात्र आधी घरी बोलून घ्या.

ते जमलं नाही तर एफडीकडे लक्ष ठेवा. व्याज ५० हजारांच्या आत आहे, बँक टीडीएस कापणार नाही. कंपनी फक्त पगार बघून (१२ लाखांवरचे १५,००० अधिक उपकर) १५,६०० कापेल. उरले १८,७२०. बाकी कर १० हजारांच्या वर असला की अग्रिम कर (वर्ष संपायच्या आतच हप्त्यांनी भरायचा कर) भरावा लागतो, नाहीतर व्याज लागतं. त्यापेक्षा एफडीचं व्याज कंपनीलाच कळवा, ते पगारातून कापतील.

धागाकर्ता
एचआरला मेल टाकलाय. वर्षाचा मूळ पगार सव्वापाच लाखांच्या आसपास आहे. जानेवारीपासून सुरू केलं तर तीन महिन्यांत ३३ हजार बसतील का?

प्रतिसाद ३
मर्यादा वर्षाच्या पगारावर मोजतात, म्हणजे तुम्हाला ७३ हजारांपर्यंत वाव आहे. कायद्याची अडचण नाही. तुमचं पेरोल सॉफ्टवेअर दरमहा १४ टक्क्यांच्या वर जाऊ देतं का, तेवढं एचआरला विचारा.