एअर फ्रायरमध्ये बिनचरबीचं बीफ वातड होतंय, काय चुकतंय?

रानजाई

नमस्कार मंडळी. माहेर वसईचं, गेली अकरा वर्षं ओहायोत. आमच्याकडे रविवारचं बीफ ठरलेलं, पण आजवर मी कायम चक (खांद्याकडचा भाग) आणत आले. चरबी असते, कुकरला लावलं की मऊ होतंच. जानेवारीत नवऱ्याचे रिपोर्ट आले आणि डॉक्टरांनी सॅच्युरेटेड फॅट कमी करा म्हणून सांगितलं. म्हणून मागच्या आठवड्यात आय ऑफ राउंडचा अडीच पौंडांचा तुकडा आणला. लांबट, गोल, बाहेर पातळशी पांढरी पट्टी, आत चरबीचा मागमूस नाही. एअर फ्रायर सहा क्वार्टचा, बास्केटवाला.

आलं-लसूण, मिरपूड, व्हिनेगर लावून दोन तास ठेवलं. एअर फ्रायरसोबत आलेल्या तक्त्यात 'बीफ रोस्ट ४०० फॅ. (फॅरनहाइट), ५० मिनिटं' असं होतं, तसंच केलं. वरून रंग सुरेख आला. आत मात्र कडेपासून मधोमधपर्यंत राखाडी आणि इतकं वातड की मुलाने घास चावून चावून शेवटी ताटात काढून ठेवला.

आई वसईहून आली आहे. पुढच्या रविवारी तिला ७० पूर्ण होतात. तिला कवळी आहे. तिच्यासाठी आणि नवऱ्यासाठी, दोघांना चालेल असं काहीतरी मला याच तुकड्यातून करायचं आहे (असाच दुसरा फ्रीझरमध्ये आहे). तापमान किती, वेळ किती, झाकायचं का, मुरवायचं कशात? की हा कटच सोडून देऊ?

तवाकढई

कट सोडू नका, मिनिटं सोडा. थर्मामीटर आहे का घरात? नसेल तर आजच आणा, साधा डिजिटल चालतो. बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर ३२ फॅ. दाखवतो ना, तेवढं तपासा.

झालं काय ते सांगतो. साधारण १५० फॅ.च्या पुढे मांसातली ॲक्टिन नावाची प्रथिनं आवळायला लागतात आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर पडतं. चकमध्ये चरबी आणि भरपूर कोलॅजन, म्हणजे धाग्यांना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, असतं. कोलॅजन तासन्‌तास शिजून विरघळलं की पाणी गेलं तरी घास ओलसर लागतो. आय ऑफ राउंडकडे ती शिदोरी नाही. मागच्या पायाचा, सतत चालणारा स्नायू तो. त्यात जे पाणी आहे तेच आपल्याला राखायचं. ४०० फॅ.वर ५० मिनिटांत तुमचा तुकडा आतून १७० च्या वर गेला असणार.

आणि एअर फ्रायर म्हणजे छोट्या जागेत जोराचा पंखा असलेली भट्टी. गरम हवा सतत अंगावर आदळत राहते, म्हणून ओव्हनच्या पाककृतीतलं तापमान यात २५ फॅ.ने तरी कमी धरावं लागतं. मी असं करतो:

आदल्या रात्री पौंडाला पाऊण चमचा जाड मीठ सगळीकडून चोळायचं आणि जाळीवर, न झाकता, फ्रिजमध्ये ठेवायचं. आधी मीठ पाणी बाहेर ओढतं, तुकडा घामेजल्यासारखा दिसतो. सकाळपर्यंत ते खारं पाणी परत आत जातं आणि वरची कातडी कोरडी होते. कोरडी हवीच, कारण ओल्या पृष्ठभागावर रंग धरत नाही, नुसती वाफ होते.

सकाळी कागदाने टिपायचं, चमचाभर तेल, मिरपूड. एअर फ्रायर ५ मिनिटं आधी तापवायचा. २५० फॅ.वर तुकडा ठेवायचा, अर्ध्या वेळात एकदा उलटायचा. मधोमध १२० फॅ. दाखवलं की बाहेर काढायचा, फ्रायर ४०० वर तापवायचा आणि पाचेक मिनिटं रंगापुरता परत आत. मला पहिल्या टप्प्याला साधारण सव्वा तास लागतो, पण तुमचा तुकडा जाडीला वेगळा असेल तर हा आकडा बाजूला ठेवा. ५० मिनिटांनंतर दर १० मिनिटांनी टोचून बघा. सुई टोकाकडून लांबीने आत घालायची, म्हणजे नेमका गाभा सापडतो.

मग १५ मिनिटं विसावू द्यायचं. लगेच कापलंत तर सगळा रस पाटावर.

पैनगंगा

तवाकढईंशी सहमत, पण एक विचारायचं राहिलं. रानजाई, तुम्ही कापलं कसं?

रानजाई

@पैनगंगा लांब पट्ट्या काढल्या, चिली-फ्रायला काढतो तशा. ताटात छान दिसतील म्हणून.

पैनगंगा

मग अर्धी चूक तिथेच आहे ताई. आय ऑफ राउंडमध्ये मांसाचे धागे लांबीने धावतात, उसाच्या कांड्यासारखे. लांब पट्टी काढली की प्रत्येक घासात अख्खा धागा येतो आणि तो दातांनी तोडावा लागतो. आडवे गोल काप काढले की तेच धागे सुरीनेच दोन-तीन मिलिमीटरचे होतात. तुमच्या आईंच्या कवळीचं काम सुरीने आधीच केलेलं असतं. ओल्या उसाच्या पेराचा आडवा पातळ काप तोंडात धरून बघा आणि लांब सोललेला धरून बघा, तसाच फरक.

आमच्याकडे मराठवाड्यात आजी चान्या करायची. मोठ्याच्या मटणाच्या लांब लांब पट्ट्या, मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घातलेल्या. त्या वाळल्यावर निखाऱ्यावर भाजायच्या नाहीतर कालवणात टाकायच्या. तिथे लांब धागा मुद्दाम हवा असायचा, दोरीवर तुटू नये म्हणून. खाताना मात्र आजी पाट्यावर वरवंट्याने ठेचून धागा मोडून द्यायची, मग आम्हा लेकरांना. दात नसलेल्या पणजीलाही तेच. मीठ आधी लावायचं आणि धागा मोडायचा हे मला तिथूनच ठाऊक, थर्मामीटर खूप नंतर आला.

काउंटरमागे

टोरांटोत दोन वर्षं मटणाच्या काउंटरवर काम केलंय, म्हणून सुरक्षिततेबद्दल नीट सांगते. तवाकढईंची कृती उत्तम आहे, पण १२० वर काढून रंग दिला की गाभा १३० च्या आसपास थांबतो, म्हणजे मीडियम रेअर. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम अखंड तुकड्याला १४५ फॅ. आणि वर ३ मिनिटं विसावा असा आहे. जेवणाऱ्यांत ७० वर्षांची व्यक्ती आहे, त्यामुळे मी हा नियम पाळेन. १३५ वर काढा, रंग द्या, विसावताना काही अंश आपोआप चढतात. शेवटी १४५ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर ३०० फॅ.वर परत दोन-चार मिनिटं. १४५ ला गाभा फिकट गुलाबी राहतो, रस पुरेसा असतो. १५५ ला तो राहत नाही. दहा अंशांचाच खेळ आहे.

दुसरं, लेबल वाचा. कमी चरबीचे कट दुकानात येण्याआधी कधी कधी यंत्राच्या सुया-पात्यांनी टोचलेले असतात, मऊ व्हावेत म्हणून. तसं असेल तर कॅनडात २०१४ पासून आणि अमेरिकेत २०१६ पासून पाकिटावर 'मेकॅनिकली टेंडराइज्ड' किंवा 'ब्लेड टेंडराइज्ड' असं लिहावं लागतं. अखंड तुकड्यात जंतू बाहेरच्या अंगाला असतात आणि भाजताना मरतात. टोचलेल्यात ते पात्याबरोबर आत गेलेले असू शकतात. अशा तुकड्याला १४५ आणि ३ मिनिटं हे मुळीच टाळू नका, तरुण माणसांसाठीसुद्धा.

आणि पाटावर येणारं लाल पाणी रक्त नसतं. ते मायोग्लोबिन (स्नायूतलं लाल प्रथिन) आणि पाणी. आईंना तसं सांगा, आमच्याकडे सासूबाईंचा घास त्या रंगापाशीच अडला होता.

मडगावकर

मी इंग्लंडात असतो, इथे आय ऑफ राउंड वेगळा मागितला तर खाटीक दोनदा विचारतो, कारण तो इथे सिल्व्हरसाइडमध्येच येतो. इथल्या वाचकांनी टॉपसाइड घ्यावा, तोही कमी चरबीचा पण थोडा नरम. अमेरिकेत तोच टॉप राउंड, आणि 'लंडन ब्रॉइल' नावाने मिळतो तोही बहुतेक वेळा हाच. लंडनमध्ये त्या नावाचं काही मिळत नाही, शोधत बसू नका.

व्हिनेगरबद्दल. गोव्यात आमच्याकडे रोस्टला व्हिनेगर असतंच, पण तिथे भांड्यात, रश्शात, मंद आचेवर. कोरड्या भट्टीत व्हिनेगरात मुरवलेला तुकडा बाहेरून भुसभुशीत आणि आतून तसाच राहतो, कारण आंबट आत फारसं शिरतच नाही. वर पृष्ठभाग ओला, म्हणजे रंगही नीट नाही. आंबट हवं तर रश्शात घाला. रेशादसारखा वाटलेला मसालाही ४०० वर जळून कडू होतो, त्यात साखर असेल तर आणखी लवकर.

हिरवीमिरची

कवळी असलेल्या माणसाला रोस्टचा हट्ट का? कच्ची पपई लावा, कुकरला चार शिट्ट्या, मग एअर फ्रायरमध्ये दहा मिनिटं. संपला विषय.

तवाकढई

@हिरवीमिरची चकला शंभर टक्के. आय ऑफ राउंड कुकरात धागा धागा सुटतो खरा, पण प्रत्येक धागा कोरडा राहतो. कापसासारखं लागतं, गिळायला पाणी लागतं. पपईचं म्हणाल तर पापेन वरच्या थरावर काम करतं. पातळ कापांना वीस मिनिटं ठीक, अडीच पौंडांच्या गोळ्याला रात्रभर लावली तर बाहेर लगदा आणि आत जैसे थे. पातळ कापच परतायचे असतील तर मला खायचा सोडा बरा वाटतो: अर्ध्या किलोला पाव चमचा, चमचाभर पाण्यात कालवून पंधरा मिनिटं, मग धुऊन टिपून घ्यायचं.

काउंटरमागे

रानजाई, आईंसाठी एक वेगळी वाट सुचवते, काउंटरवर रोस्ट बीफचे काप आम्ही असेच काढायचो. शनिवारीच भाजा. थंड झाल्यावर गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. गार मांस घट्ट होतं, मग धारदार सुरीने कागदासारखे आडवे काप निघतात. गरम तुकड्याचे इतके पातळ निघतच नाहीत. रविवारी रस्सा उकळायचा, गॅस बंद करायचा, काप त्यात सोडायचे आणि झाकण ठेवून दोन मिनिटांत वाढायचे. रश्शात उकळू नका, पुन्हा तेच वातड.

अर्नाळा_लोकल

ताई, गाववाली भेटली, बरं वाटलं. मी इथे वसईतच. आपल्याकडे २०१५ च्या कायद्यानंतर गाय-बैल बंद, बाजारात मिळतं ते म्हशीचं. त्याच्यावर ही कृती चालेल का? एअर फ्रायर नवीन घेतलाय.

तवाकढई

@अर्नाळा_लोकल म्हशीचं मांस मुळातच कमी चरबीचं, पण बाजारात येतं ते बहुधा वय झालेल्या जनावराचं. वयाबरोबर कोलॅजन घट्ट होतं, ते १४५ ला हलणार नाही. तुमच्याकडे हिरवीमिरचींचीच रीत बरी: आधी कुकर, नंतर मसाला लावून ३७५ फॅ.वर, म्हणजे १९० से., आठ-दहा मिनिटं. कुकरातलं पाणी आटवून तुकड्यांवर परत चोपडा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

लेबल तपासलं, टोचलेला नव्हता. फ्रीझरमधला तुकडा बुधवारी फ्रिजमध्ये उतरवला, शुक्रवारी रात्री दोन चमचे जाड मीठ चोळलं. शनिवारी सकाळी तो खरंच कोरडा, गडद, हाताला किंचित चिकट लागत होता. २५० फॅ.वर ठेवला. एक तास पाच मिनिटांनी ११८, एक तास वीसला १३५. रंगाला सहा मिनिटं. पाटावर ठेवला तेव्हा सुई १४१ वर होती, बघता बघता १४६ ला गेली आणि तिथून खाली यायला लागली. बास्केटमध्ये तळाशी जेमतेम दोन चमचे रस होता. गेल्या वेळी वाटीभर पाणी सुटलं होतं, ते आठवलं.

रात्रभर गार करून रविवारी काप काढले, आडवे. सुरीला धार लावून घेतली होती. काप उजेडासमोर धरला तर मधोमध फिकट गुलाबी आणि कडेला बोटाच्या पेराएवढीसुद्धा राखाडी कड नव्हती. रस्सा आईनेच केला: कांदा लालसर परतून, आईने आणलेला बॉटल मसाला, टोमॅटो, शेवटी चमचाभर व्हिनेगर आणि बास्केटमधले ते दोन चमचे.

आईने पहिला काप पावात धरून खाल्ला. मग पाव बाजूला ठेवला आणि पुढचे तीन नुसतेच खाल्ले. उरलेले सोमवारी नवऱ्याने डब्यात गारच नेले, मोहरी लावून. आईने आज विचारलंय, हा आडवा कापायचा प्रकार घरी सुक्या मटणाला चालेल का. @पैनगंगा, तुमच्या आजीची चान्यांची रीत सविस्तर लिहाल का, कालवणासकट? आई वाचायला बसली आहे.

पैनगंगा

लिहिते की. आज रात्री नवीन धागा काढते. आईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा.